बगळा मी पाहिलाच नव्हता

संपादकांचा फोन आला तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून आणला होता. "सर, यंदा त्या बगळ्याच्या स्टेपची जन्मकथा द्या. वाचकांना नेमकं तेच हवंय." मी हो म्हटलं. गेली पंचवीस वर्षं ही जन्मकथा मी इतक्या ठिकाणी सांगितली आहे, की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. या वेळी मात्र ती वेगळी निघणार आहे. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल पाककृतींची दोन पानं वाढवावीत.

ज्यांनी ते गाणं पाहिलेलं नाही (अशी माणसं आहेत, आणि हल्ली मला ती फार आवडतात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या संगीतपटातलं ते शेवटचं गाणं. मध्ये नायिका, भोवती चाळीस नर्तक. गाणं टिपेला पोहोचतं आणि सगळे एकदम थांबतात. प्रत्येकाचा एक पाय हवेत. मग मोठी झांज वाजते आणि थिएटरात शिट्ट्या. त्या थांबण्याला लोकांनी 'बगळा' असं नाव दिलं. लग्नाच्या संगीतात आजही मामालोक तो बगळा करायला जातात आणि कुणाच्या तरी अंगावर पडतात. माझं सगळं नाव त्या एका पावलावर उभं आहे.

मुळात मी नाचणारा. वडिलांचा मंडईत कांद्या-बटाट्यांचा गाळा होता. मुलगा कथक शिकतोय हे त्यांनी मान्य केलं, पण एका अटीवर. "घुंगरू गोणपाटात गुंडाळून ने. मंडईतून वाजत जायचं नाही." त्यामुळे घुंगरांना कायम बटाट्याचा वास येई. आमच्या बाई एका शाळेच्या हॉलमध्ये शिकवत. वर्गात तीस मुली आणि मी.

बाईंच्या शिस्तीतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं आहे. कथकमध्ये रचना नाचण्यापूर्वी तिचे बोल तालात म्हणून दाखवतात. त्याला पढंत म्हणतात. आमच्याकडे पढंत करण्यापूर्वी हाताने कानाच्या पाळीला स्पर्श करायचा आणि ती रचना ज्याची असेल त्याचं नाव घ्यायचं. नाव आठवलं नाही तर बाई नाचू देत नसत. "बसा खाली. लोकांच्या घरात न विचारता शिरायची सवय लागेल." पंधरा वर्षांच्या मुलाला यात काय एवढं, असं वाटे. पण हात आपोआप कानाकडे जायला लागला.

वर्गात माझ्याबरोबरीची शैला होती. माझ्यापेक्षा चांगली नाचायची. हे मी तेव्हाही मान्य करत असे, फक्त मोठ्याने नाही. तिचं घर नारायण पेठेत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पायाखाली लाकडी तक्तपोशी, तीच खालच्या बिऱ्हाडाचं छत. दुपारी आम्ही तिथे रियाज करत असू. तिची आई दार उघडं ठेवून दारातच भाजी निवडत बसे. त्या काळात एका मुलाला रियाजाला घरात येऊ दिलं हेच पुष्कळ होतं.

खालच्या मजल्यावर ओगलेआजोबा राहत. निवृत्त, एकटे आणि हृदयाचं दुखणं. आमचे पाय पडायला लागले की ते काठीने छताला ठोकत. आम्ही थोडा वेळ थांबत असू आणि पुन्हा सुरू करत असू. असं वर्षभर चाललं. एक दिवस ठोकणं आलंच नाही. शैला घाबरून खाली धावली, मागोमाग मी. आजोबा कॉटवर पडलेले, हात छातीवर, डोळे टक्क उघडे.

"आजोबा, बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय? मोजतोय. सोळा मात्रा होतात ना तुमच्या?"

"हो."

"मग बरोबर. फक्त तो शेवटचा धाडकन आपटता ना, त्याने छातीत धडधडतं. बाकीचं चालू द्या. दुपारी दुसरं काय असतं मला."

हा शेवटचा म्हणजे तिहाईचा शेवट. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घ्यायचा, आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा 'धा' बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाडायचा. नाचणाऱ्याची सगळी ऐट त्या एका आघातात असते. लोक टाळ्या वाजवतात त्या तिथेच. शैला वर आली आणि म्हणाली, "अरुण, शेवटचा धा काढून टाकू या."

"मग ती तिहाई कसली? लंगडी."

"बघू तरी."

तिने महिनाभर खपून नवीन तिहाई बांधली. दोन 'धा' वाजायचे. तिसऱ्याला पाय उचलायचा आणि जमिनीच्या वीतभर वर तसाच ठेवायचा. सम मोकळी. पहिल्यांदा तिने ती पूर्ण केली तेव्हा खोलीत एकदम शांतता झाली, आणि नेमक्या त्या मात्रेवर खालून आवाज आला. टक्. आजोबांनी काठी छताला एकदाच, हलकेच टेकवली होती. ते खरंच मोजत होते. दारातल्या काकूंच्या हातातली भाजी तशीच राहिली.

आणि रचना तिथे संपत नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरलो. वर उचललेला पाय पुढच्या चार मात्रांत खाली आणायचा, आधी बोटं, मग टाच, आणि घुंगराचा एकही आवाज होऊ द्यायचा नाही. शंभर घुंगरू बांधलेला पाय न वाजवता टेकवून बघा. शैला त्या चार मात्रांवर कित्येक महिने घाम गाळत होती.

त्याच वर्षी आजोबा गेले. नंतर शैलाने ती तिहाई बाईंसमोर केली. समेवर खालून उत्तर देणारं आता कुणी नव्हतं, पण तिने जागा भरली नाही, मोकळीच ठेवली. बाईंनी विचारलं, "कोणाची?" शैला चाचरत म्हणाली, "माझी, बाई." बाईंनी स्वतः कानाला हात लावला आणि म्हणाल्या, "शैलाची." गुरूने शिष्येसाठी असं केलेलं मी दुसऱ्यांदा कधी पाहिलं नाही.

पुढे बाकीच्यांचं होतं तेच आमचं झालं. शैला लग्न करून विश्रांतवाडीला गेली आणि तिने घराजवळ छोटा वर्ग सुरू केला. मी सिनेमात गेलो. आधी गटातला नर्तक, मग नृत्यदिग्दर्शकाचा साहाय्यक, मग नृत्यदिग्दर्शक आणि शेवटी एका निर्मात्याने सगळा सिनेमाच माझ्या हातात दिला. नाचणारा माणूस दिग्दर्शक झाला की त्याचं डोकं आकड्यांत चालतं. मी नटांना सांगत असे, "तिसऱ्या मात्रेला वळ, पाचव्याला रड." एक ज्येष्ठ अभिनेत्री मला म्हणाल्या, "अहो, आणि सातव्याला डोळे पुसू का नैवेद्य दाखवू?" एका नायकाला तालाचं इतकं वावडं होतं, की टाळीसुद्धा चुकायची. मी त्याला एका जागी उभा केला आणि त्याच्याभोवती चाळीस नर्तक, एक बैलगाडी आणि सहा पडदे फिरवले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं, की नायक अप्रतिम नाचला आहे. या धंद्यात नायक हलत नसेल तर जग हलवायचं असतं. त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. अभिमान वाटावा अशा गोष्टी मात्र इथे संपल्या.

पहिल्या सिनेमाच्या शेवटच्या गाण्याला शेवट सापडत नव्हता. दोन दिवस तालीम झाली होती, चाळीस मुलं-मुली दमून भिंतीला टेकून बसली होती, निर्माता खुर्चीवर बसून पाय हलवत होता. पहिल्याच सिनेमात माझी छी-थू होणार हे मला दिसत होतं. आणि एकदम मला शैलाची मोकळी सम आठवली. मी उठलो, करून दाखवली. चाळीस जणांनी केली. निर्माता उभा राहिला. माझा साहाय्यक डोळे विस्फारून म्हणाला, "सर, हे कुठलं?"

उत्तर द्यायला एक क्षण मिळाला होता. शैलाचा नंबर माझ्या डायरीत होता आणि फोन दहा पावलांवर. माझा हात कानाकडे निघालाही असेल, मला नक्की आठवत नाही. मी म्हणालो, "सुचलं."

एवढंच. एका शब्दाची चोरी. ज्या मात्रेवर म्हाताऱ्याची काठी पडायची तिथे मी झांज घातली, कारण शांततेवर शिट्ट्या येत नाहीत. आणि पाय हवेत असतानाच दृश्य तोडलं, कारण झांजेनंतर तिकडे बघायला कुणाला वेळ होता?

गाणं गाजलं. मुलाखती सुरू झाल्या. एकीने विचारलं, "ही स्टेप कशी सुचली?" नुसतं 'सुचलं' आता पुरेना. मी सांगितलं, की पहाटे मुठेच्या काठी फिरत होतो, पाण्यात एक बगळा एका पायावर उभा दिसला. तिला ते इतकं आवडलं, की पुढच्या मुलाखतीत मी बगळ्याला धुकं दिलं. त्याच्या पुढच्या मुलाखतीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी बगळा पाहिलाच नव्हता. पहाटे उठायचीही मला सवय नाही.

शैलाला सगळं कळलंच असणार. बाई गेल्या तेव्हा शोकसभेत ती भेटली. मी नजर चुकवत होतो, तर तीच जवळ आली आणि म्हणाली, "झांज जरा मोठी झाली रे." एवढं बोलून ती चप्पल शोधायला गेली. पंचवीस वर्षांत या विषयावर तिने एवढंच म्हटलं. मला त्या दिवशी हायसं वाटलं, ही त्यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. वाटलं, चला, मिटलं.

गेल्या वर्षी शहरातल्या नृत्यवर्गांच्या एका स्पर्धेला मी मुख्य परीक्षक होतो. बरोबर दोघं होते. एक दूरचित्रवाणीवर गाजलेली तरुण नृत्यदिग्दर्शिका आणि एक संगीतसमीक्षक. दुपारी विश्रांतवाडीच्या एका वर्गाचं नाव पुकारलं गेलं. आठ मुली आल्या. त्यांतली पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी पढंतीसाठी माईकसमोर आली. तिचं नाव रेवती, हे मला नंतर कळलं. तिने कानाला हात लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ही तिहाई आमच्या शैलाताईंची."

बोल सुरू झाले आणि मी खुर्चीत ताठ झालो. पढंत संपवून ती बाकीच्या मुलींत जाऊन उभी राहिली, नाच सुरू झाला आणि सम आली. आठ पाय हवेत. सभागृहात क्षणभर शांतता, मग कुणीतरी शिट्टी मारली, मग हशा आणि माझ्या गाण्याच्या ओळी. त्या गोंगाटात आठ पाय सावकाश, न वाजता खाली आले. ते कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

"ओ माय गॉड, सर," तरुण परीक्षक हसत म्हणाली. "तुमचीच हुक स्टेप आणि क्रेडिट भलत्यालाच! सो क्यूट!"

"क्यूट कसलं?" समीक्षक म्हणाले. "शुद्ध चोरी आहे. तीही मालकासमोर."

गुणपत्रिकेत 'रचनेचं स्वतंत्रपण' असा दहा गुणांचा रकाना होता. तिने शून्य लिहिलं. त्यांनीही शून्य लिहिलं. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. शून्य लिहायची लाज वाटली आणि दहा लिहायची भीती. मी दोन लिहिले.

लाच खाणारा माणूससुद्धा मनाशी काही एक दर ठरवत असेल. माझ्या भित्रेपणाचा दर दोन गुण निघाला.

निकालाच्या वेळी तरुण परीक्षक माईकवर म्हणाली, "मुलींनो, सिनेमातलं करा, नो प्रॉब्लेम, पण क्रेडिट द्यायला शिका ना! सर इथेच बसलेत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. विंगेत शैला उभी होती, पांढरे केस, कमरेला पदर खोचलेला. तिने ओळखीच्या माणसाला रस्त्यात करतात तशी मान हलवली. रेवती मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती शैलाकडे बघत होती.

पंधरा दिवसांनी शैलाचा फोन आला.

"अरुण, माझी रेवती यायची बंद झालीय. तिने घरी सांगितलंय, ताई खोटं बोलतात. सिनेमातलं ढापून स्वतःचं म्हणून शिकवतात."

"शैला, मी..."

"तू काय ते मला माहितेय. मला नको सांगूस."

"मी आयोजकांना पत्र लिहितो. दिवाळी अंकात लिहितो, सगळं, जसं झालं तसं."

"जरूर लिही. रेवती दिवाळी अंक वाचत नाही."

पत्र मी लिहिलंच. आयोजकांचं उत्तर आलं, की परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, आणि सोबत नियमावलीची प्रत. तिच्यावर मुख्य परीक्षक म्हणून माझीच सही होती.

मग मी येरवड्याला रेवतीच्या घरी गेलो. तिची आई गडबडून गेली, पोहे टाकायला निघाली. रेवती दारातच हाताची घडी घालून उभी राहिली. मी आजोबांपासून सगळं सांगितलं. आयुष्यात इतक्या मुलाखती दिल्या, पण शब्द असे अडखळले नव्हते. शेवटी ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही बोललात? माईक होता की तिथे."

"घाबरलो."

"कोणाला?"

तिथे घाबरण्यासारखं कुणी नव्हतंच. दोन परीक्षक, त्यातली एक माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. मी मान खाली घातली. सदुसष्टाव्या वर्षी एका शाळकरी मुलीसमोर मान खाली घालून उभं राहणं कसं असतं, हे कुणावरही वेळ न येवो.

"बरं," ती म्हणाली. "पण ताईंना हे सगळ्यांसमोर ऐकायला मिळायला पाहिजे. मला एकटीला सांगून काय उपयोग?"

शैलाचा वर्ग एका सोसायटीच्या हॉलमध्ये भरतो. पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी गेलो. पंचवीस-तीस मुली जमिनीवर बसल्या होत्या, काही आया मागे खुर्च्यांवर. रेवती दाराशी उभी होती, पायांत चपला तशाच, म्हणजे केव्हाही निघून जाता यावं. शैलाने माझी ओळख करून दिली नाही. माझ्याकडे घुंगरू नव्हते, तर तिने स्वतःचे काढून दिले. वाकून बांधताना गुडघे कुरकुरले, आणि एक मुलगी पुटपुटली, "बगळा करणारेत बहुतेक."

मी उभा राहिलो. कानाला हात लावला. मला वाटलं होतं, नाव घेणं सोपं जाईल, कठीण गोष्ट पुढे आहे. पण हात कानावर तसाच राहिला. पंचवीस वर्षांत न घेतलेलं नाव एवढं जड होतं. शेवटी म्हटलं, "ही तिहाई शैलाची. तिने ती नारायण पेठेतल्या ओगलेआजोबांसाठी बांधली. सिनेमात तुम्ही जी बघता, ती मी तिला न विचारता उचलली. बगळ्याची गोष्ट खोटी आहे."

आया एकमेकींकडे बघायला लागल्या. शैला हाताने ताल देत होती, नजर जमिनीकडे. मी बोल म्हटले आणि नाचायला लागलो. पहिला धा. दुसरा धा. तिसऱ्याला पाय उचलला. सम मोकळी गेली आणि त्या हॉलमध्ये, कुठल्याशा बाईच्या पिशवीचा खळखळाट सोडला तर, खरंच काही वाजलं नाही. माझ्या सिनेमातला पाय तिथेच हवेत राहिला होता. आता तो खाली आणायचा होता. आधी बोटं, मग टाच. मांडी थरथरायला लागली. दुसऱ्या मात्रेलाच तोल गेला आणि पाय धप्पकन पडला. शंभरच्या शंभर घुंगरू खणखणले.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

"सर," दारातून रेवती म्हणाली, "आवाज आला."

मी वळून पाहिलं. तिने चपला काढून भिंतीशी ठेवल्या होत्या. ती माझ्याकडे नाही, शैलाकडे बघत होती, पुढे काय करायचं ते विचारल्यासारखी. शैलाने हाताचा ताल थांबवला. पन्नास वर्षांपूर्वी बाई ज्या सुरात म्हणायच्या, त्याच सुरात ती मला म्हणाली, "पुन्हा. नावापासून."